समुद्राला परवाना कशाला?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत काल कीर्तन झालं, उद्या नाट्यगीतांचा कार्यक्रम आहे आणि मधल्या दिवशी मी, हातात परवान्याचे नियम घेऊन. कार्यवाहकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘सागरी अभयारण्यातील परवाने आणि खबर देण्याची जबाबदारी.’ ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘चहा आधी ठेवू की नंतर?’ मी म्हटलं, आधीच ठेवा.

मी काही प्राणिशास्त्राचा माणूस नाही. स्थापत्याचा डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या नोकरीत लागलो. मध्यंतरी काही वर्षं बदली सौराष्ट्राच्या किनाऱ्याला होती. तिथे आमच्या खात्याच्या लहानसहान कामांसाठी वनखात्याकडे अर्ज करायची पाळी माझ्यावर यायची. म्हणजे मी परवाना देणारा नव्हे, मागणारा. टेबलाच्या तुमच्याच बाजूचा. म्हणून धीर करून बोलतो आहे.

दिवाळीच्या सुटीत आपल्यापैकी कितीतरी कुटुंबं द्वारका-सोमनाथ करतात. आता बरेच जण वाटेत जामनगरकडे थांबून नरारा पाहतात. तिथल्या फाटकावर एक वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे, आणि ते बहुधा मराठीतच ऐकलं आहे: ‘समुद्रात जायला कसला परवाना? समुद्र काय कुणाच्या मालकीचा आहे?’ आजचं सगळं बोलणं हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी जागा समजून घेऊ. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्याला, ओख्यापासून जोडियाच्या बाजूपर्यंत, बेटं, प्रवाळाचे खडक, चिखलाची मैदानं आणि तिवरांची वनं पसरली आहेत. गुजरातीत तिवराला ‘चेर’ म्हणतात. १९८० साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि १९८२ साली त्यातल्या १६२.८९ चौरस किलोमीटर भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. भारतातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. पिरोटन बेट त्यातच येतं. नरारा वाडीनारजवळ आहे आणि तिथे बोट लागत नाही. ओहोटीला पाणी मागे सरतं आणि आपण चालत समुद्राच्या तळावर जातो. गुडघाभर पाण्यात प्रवाळ, तारामासे, समुद्रकाकड्या, खेकडे, कधी एखादा आठपायी ऑक्टोपस. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त ओसरतं, भांगाच्या दिवसांत कमी. तिथे पंचांग पाहूनच जावं लागतं आणि पंचांग पाहायला आपल्याला कुणी शिकवायला नको!

बडोदेकरांचा या समुद्राशी जुना संबंध आहे, हे आपल्यातल्या तरुणांना ठाऊक नसेल. द्वारका, ओखा, बेट द्वारका हा ओखामंडळचा मुलूख गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होता. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानाने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून ओखामंडळच्या सागरी जीवांची पाहणी करून घेतली. तो अहवाल १९०९ आणि १९१६ साली दोन भागांत निघाला. मोती, शंख, मासे यांतून उत्पन्न किती होईल हा हेतू त्यात होताच. पण समुद्रात काय आहे हे आधी मोजावं, लिहून ठेवावं आणि मग हात घालावा, ही रीत आपल्या संस्थानाने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पाळली. आजचा परवाना आणि आजची खबर म्हणजे दुसरं काय आहे?

आणि हात घातला की काय होतं तेही याच आखाताने पाहिलं. अभयारण्य होण्याच्या आधीच्या काळात इथून सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली जात असे. प्रवाळ हा दगड दिसतो, पण ती असंख्य लहान प्राण्यांनी बांधलेली वसाहत आहे. मी बांधकामातला माणूस, म्हणून बांधकामाच्या भाषेत सांगतो. गोल, भरीव जातीचा प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर वाढतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे नारळाएवढा गोळा उभा राहायला दहा-पंधरा वर्षं तरी लागतात. आपला एक पाय चुकीच्या जागी पडला की ते काम मोडायला एक सेकंद पुरतो. नराऱ्यात फाटकावर नाव लिहून घेतात, सोबत वाटाड्या देतात, ठरलेल्या वाटेनेच नेतात, ते एवढ्यासाठी. परवाना ही समुद्राची किंमत नव्हे. कोण आत गेलं, किती गेले, कुठून गेले याचा तो हिशेब आहे.

आता कायदा. घाबरू नका, चारच गोष्टी सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात विनापरवाना प्रवेश करता येत नाही. परवाना कशासाठी मिळतो ते कलम २८ सांगतं: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी असलेलं कायदेशीर काम. बस्स, एवढीच यादी. ‘आमचे मेहुणे मंत्रालयात आहेत’ हे कारण त्यात नाही.

पर्यटकांचं काम सोपं आहे. सगळ्यांची ओळखपत्रं बरोबर ठेवा, निघण्याआधी जामनगरच्या वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करून कुठला भाग खुला आहे ते विचारून घ्या, आणि ओहोटीची वेळ पाहून पोहोचा. पायात घट्ट बूट हवेत, चप्पल नको.

आपल्यापैकी कुणाचा मुलगा-मुलगी विद्यापीठात प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकत असेल, तर त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. नुसतं पाहून नोंदी करायच्या असतील तर संशोधनाचा परवाना पुरतो. पण नमुना गोळा करायचा असेल, मग तो बोटभर का असेना, तर ती वेगळी परवानगी. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांना केंद्र सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. याला महिने लागतात. प्रबंधाची तारीख जवळ आल्यावर अर्ज केलेली मुलं रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत. विषय ठरला त्याच आठवड्यात अर्ज करा. आणि काम संपल्यावर अहवालाची प्रत द्यायची अट परवान्यात असेल तर ती द्या. पुढच्या विद्यार्थ्याचा अर्ज तुमच्या वागण्यावर तोलला जातो.

मोठ्या कामांचा मार्ग आणखी लांब. अभयारण्यातली कुठलीही नासधूस, पाण्याचा प्रवाह वळवणं, अडवणं, याला कलम २९ आडवं येतं आणि राष्ट्रीय उद्यानात कलम ३५. ते काम वन्यजीवांच्या भल्यासाठी आणि व्यवस्थापनासाठी आवश्यक आहे, असं सरकारचं समाधान व्हावं लागतं. या आखातातून तेलाच्या पाइपलाइनी टाकण्याच्या परवानगीवरून वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ साली त्याचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. म्हणजे परवाने नाकारलेच जातात असं नाही. परवाना मिळतो, पण अटींवर. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. आणि इथेच माझ्या भाषणाचा दुसरा भाग सुरू होतो, तो म्हणजे खबर.

परवान्याबद्दल लोक निदान तक्रार तरी करतात. खबरीबद्दल कुणाला माहितीच नसते. अभयारण्यात राहणाऱ्या माणसावर कायद्याने काही कर्तव्यं टाकली आहेत. त्यांतलं एक असं की वन्य प्राणी मेलेला आढळला तर कळवायचं आणि अधिकारी येईपर्यंत तो राखायचा. आणि कलम ३९ तर तुम्हा-आम्हा सगळ्यांना लागू आहे. संरक्षित प्राणी मेलेला सापडला, तर तो सरकारी मालमत्ता. तो किंवा त्याचा भाग ज्याच्या हाती येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं.

आता मी माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही यावर घरी दोन दिवस चर्चा झाली. पत्नी म्हणाली, ‘सांगायची नसेल तर भाषणच करू नका.’

किनाऱ्याला असताना एका टंडेलाशी ओळख झाली होती. वयाने माझ्याहून मोठा, बोलायला मोकळा. एके दिवशी पहाटे तो मला शोधत आला. जाळ्यात कासव आलं होतं आणि वर ओढेपर्यंत मेलं होतं. मोठं कासव. त्याने ते किनाऱ्याला आणून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलं होतं. मला म्हणाला, ‘साहेब, तुम्ही सरकारी माणूस. कुणाला सांगू?’

कलम मला तेव्हाही माहीत होतं. पण मला पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसलं. पंचनामा, जबाब, दोन दिवस धंदा बुडणार, ‘जाळं कुठे टाकलं होतंस?’ हा प्रश्न, आणि ‘तुम्ही तिथे काय करत होता?’ हा मला. मी म्हटलं, ‘कशाला भानगडीत पडतोस? सोडून दे पाण्यात.’ त्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग गोणपाट काढलं. भरती लागतच होती.

पुढे दोनेक वर्षांनी त्याच किनाऱ्यावरच्या एका जुन्या धक्क्याच्या दुरुस्तीचं काम आमच्याकडे आलं. परवानगीच्या अर्जासोबत परिसराची माहिती जोडायची होती. मसुदा माझ्याकडेच होता. त्यात एक रकाना होता, परिसरात कासवांचा वावर. आम्ही जुन्या नोंदी मागवल्या. उत्तर आलं, त्या पट्ट्यात नोंद नाही. मी मसुद्यात लिहिलं, ‘नोंद नाही.’ आणि पेन खाली ठेवलं.

मंडळी, त्या दोन शब्दांत खोटं काही नव्हतं. नोंद खरंच नव्हती. कारण नोंद होऊ नये अशी व्यवस्था मीच केली होती. आणि त्या ‘नोंद नाही’च्या आधारावर उद्या कुणीही लिहिलं असतं, ‘कासवं नाहीत’. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी म्हटलं असतं, ‘मग ही अट कशाला? काढून टाका.’ न दिलेली एक खबर किती लांब जाते, ते त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मी टंडेलाकडे गेलो. विचारलं, त्यानंतर कधी कासव आलं होतं का? तो हसला. म्हणाला, ‘तमे ज कह्युं हतुं ने, साहेब.’ तुम्हीच सांगितलं होतं ना. मग त्याने बोटं मोजली. एका हाताची पुरली नाहीत.

मी फाइलवर टिपण लिहिलं. स्थानिक मच्छीमारांच्या सांगण्यानुसार आणि माझ्या स्वतःच्या पाहण्यानुसार इथे कासवांचा वावर आहे, तरी संबंधितांकडून पाहणी व्हावी. वरिष्ठ नाराज झाले. ‘आता सुचलं का तुम्हाला?’ हा प्रश्न आला आणि तो रास्त होता. पाहणी झाली, कामाचे महिने बदलले, रात्रीचे दिवे बंद ठेवायची अट आली. काम एक हंगाम लांबलं. धक्का झाला. आज बोटी लागतात. नुकसान म्हणाल तर माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी ‘उत्तम’ऐवजी ‘चांगला’ आलं. तेवढं चालायचं.

पण टंडेलाचं काय? खबर देणाऱ्यालाच भीती वाटत असेल तर कायद्याची पुस्तकं काय उपयोगाची? याचं उत्तरही आपल्या गुजरातच्या किनाऱ्यानेच दिलं आहे. बहिरी मासा, इंग्रजीत ज्याला व्हेल शार्क म्हणतात, तो जगातला सगळ्यांत मोठा मासा. वेरावळ-मांगरोळच्या बाजूला त्याची सर्रास शिकार होत असे. २००१ साली त्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण मिळालं. नुसत्या बंदीने काम झालं नसतं. २००४ पासून मोहीम सुरू झाली. मोरारीबापूंनी कोळ्यांना समजावलं, की हा मासा म्हणजे माहेरी बाळंतपणाला येणारी लेक आहे. त्याला ‘व्हाली’ म्हणजे लाडकी हे नाव पडलं. आणि जाळं कापून मासा सोडला तर जाळ्याची भरपाई वनखात्याने द्यायला सुरुवात केली. पुढे तर कोळ्यांच्याच हाती कॅमेरे दिले. सोडताना फोटो काढायचा, तोच पुरावा. अधिकारी येईपर्यंत समुद्रात थांबायला नको. शिकार करणारा माणूस नोंद ठेवणारा झाला.

महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे. संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला आणि फोटो दिला तर कोळ्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या अनेकांची गावं मालवण-वेंगुर्ल्याकडे आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या गाभ्यात आपला सिंधुदुर्ग किल्ला येतो. तिथल्या कोळ्यांचा त्याला विरोध राहिला आहे. तो वेडगळ नाही. कायदाच सांगतो की समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याच्या हिताची काळजी घ्या. ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्याला पहारेकरी केलं तर समुद्र राहतो, चोर ठरवलं तर राहत नाही.

आता शेवटची गोष्ट, आपल्या घरातली.

आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात एक पांढरा प्रवाळ होता. फुलकोबीच्या गड्ड्याएवढा. बाबा १९७० च्या दशकात ओख्याला गेले होते, तिथून त्यांनी तो आणला. आम्ही लहानपणी गणपतीच्या आराशीत तो ठेवायचो. कैलास पर्वत म्हणून! बाबा गेल्यावर आई तो दर दसऱ्याला स्वतः पुसायची. प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आला २००१ साली. बाबांनी आणला तेव्हा त्यात गैर आहे हे कुणाच्या मनातही नव्हतं. पण नराऱ्यात लोकांना ‘काही उचलू नका’ सांगून मी घरी यायचो आणि समोर तो दिसायचा.

आईला सांगितलं. तिला राग आला. ‘तुझ्या बाबांची आठवण सरकारला देतोस?’ मी काही बोललो नाही. तिला एकदा नराऱ्याला घेऊन गेलो. रीतसर नाव लिहून, वाटाड्यासोबत, हळूहळू, हात धरून. पाण्यात जिवंत प्रवाळ पाहिला तिने, तपकिरी-हिरवट. बराच वेळ वाकून बघत राहिली. म्हणाली, ‘हा तर रंगीत आहे. आपल्याकडचा पांढरा का?’ मी म्हटलं, ‘आपल्याकडचा मेलेला आहे, आई.’ परत येताना गाडीत ती गप्प होती. बडोद्याला पोहोचल्यावर म्हणाली, ‘अर्ज कसा करायचा ते बघ.’ अर्ज केला, प्रवाळ वनखात्याच्या कार्यालयात जमा केला, पोच घेतली. त्या पोचेवर शिक्का आहे. कपाटात आता तीच ठेवली आहे, बाबांच्या फोटोमागे.

तुमच्याही घरी असं काही असेल. विशेषतः काचेच्या चौकटीत बसवलेलं, वास्तुदोष घालवणारं म्हणून विकलं जाणारं ‘इंद्रजाल’. ती कुठली वनस्पती नव्हे, तो काळा प्रवाळ किंवा समुद्रपंखा असतो आणि तो पहिल्या अनुसूचीत आहे. पूजेच्या दुकानातली ‘हत्ताजोडी’ तर घोरपडीचा अवयव असतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. वास्तुदोषापेक्षा हा दोष मोठा! अंगठीतलं लाल पोवळं मात्र वेगळं, ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं. म्हणजे कार्यक्रमानंतर अंगठ्या दाखवायला येऊ नका.

थोडक्यात सांगायचं तर, जाण्याआधी विचारा. आत जाताना नाव खरं लिहा. आतून काही आणू नका, रिकामा शंखसुद्धा नको, कारण त्यात उद्या शंखातला खेकडा राहायला येणार असतो. वाटाड्याने फोटोसाठी मासा हातावर घेऊन फुगवला तर त्याला ‘नको’ म्हणा. तो मासा गमतीने फुगत नाही, भीतीने फुगतो. आणि किनाऱ्यावर मेलेलं कासव, डॉल्फिन काही दिसलं, तर फोटो काढून सगळीकडे पाठवण्याआधी वनखात्याला कळवा. ठिकाण आणि वेळ सांगा. तुमची दोन मिनिटं जातील. नोंदीत मात्र ते कायम राहील.

अनंत चतुर्दशीला आपण बाप्पाला पाण्यात पोचवतो. ज्या पाण्यात देव जातो ते कुणाच्या मालकीचं नाही, हे खरंच आहे. मालकीचं नाही म्हणूनच ते राखायला कुणीतरी फाटकावर बसावं लागतं, आणि आपल्याला तिथे थांबून नाव लिहावं लागतं.

तो टंडेल आता थकला आहे. बोट त्याचा मुलगा चालवतो. गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्या मुलाचा फोन आला. जाळ्यात कासव आलं होतं, जिवंत. त्याने जाळं कापून सोडलं, फोटो काढला आणि वनखात्याला कळवलं. मला त्याने नुसतं सांगायला फोन केला होता. विचारायला नव्हे.

गणपती बाप्पा मोरया!